दिलेलं नाव

९ डिसेंबर २००५, यवतमाळ

हात कोपरापर्यंत धुतले, गाऊन चढवला, आणि सिस्टरने काचेच्या पेटीची गोल खिडकी उघडली. आज पहिल्यांदा त्याला बोट लावू दिलं. दोन महिने आधीच आलेला माझा मुलगा. माझं बोट त्याच्या मुठीत मावेना, तरी त्याने धरलं. अनिकेतची बदली दिग्रसच्या कापूस खरेदी केंद्रावर झाली तेव्हा पुणं सोडताना मी फार कुरकुरले होते. आज सगळं माफ. मी त्याला नावाने हाक मारली. क्षितिज.

शेजारच्या पेटीत तांड्यावरच्या जमनीचा मुलगा आहे. माझ्या मुलापेक्षा दांडगा. तिची सासू धनीबाई हिने दोन्ही बाळांना गुंडाळायला घरचा कापूस दिला. यंदा कोणी घेऊन नाही राह्यलं, म्हणाली, पोराइले तरी ऊब. मग मला रागावली. "इतकं चांगलं नाव आताच काहून घेता, बाई? तवरक उकंडा म्हना." उकंडा म्हणजे उकिरड्यावर टाकलेला, नकोसा. असं पोर न्यायला कोणी येत नाही म्हणे. जमनी हसली. तिच्या मामाचं नाव तेच आहे. मामी लय वाट पाह्यते, पण मरूनच नाही राह्यला.

१२ डिसेंबर

दुपारी दाराच्या काचेपलीकडे एक म्हातारी उभी होती. हात कोपरापर्यंत ओले, आत येण्यासाठी धुतल्यासारखे. क्षितिज कोणता, असं तिने विचारलं. दवाखान्यातली बाई असेल म्हणून मी पेटी दाखवली. सिस्टर म्हणाली, दारात कोणीच नव्हतं.

थोड्या वेळाने त्याचा श्वास थांबला. पाठ चोळून परत आणला.

१४ डिसेंबर

ती दाराच्या आत आली होती. तोच प्रश्न. मी पेटीपुढे आडवी उभी राहिले. श्वास पुन्हा थांबला. डॉक्टर म्हणतात, कमी दिवसांच्या बाळांना होतं असं. भीतीने माझं दूध आटलं.

जमनी आत असताना धनीबाईला सांगितलं. ती हसली नाही. नाव ऐकलं ना तिनं, म्हणाली, आता त्या नावाचं नेल्याबिगर जात नाही ते.

१५ डिसेंबर

धनीबाई तांड्यावर गेली आहे. जमनीच्या मुलाला लवकरच पेटीतून काढणार. नाव ठेवलंस का, विचारलं. नाही म्हणाली.

मी म्हटलं, माझ्या मुलाचं घे.

तिला खरं वाटेना. एवढं मोठं नाव मास्तरले तरी जमन काय, म्हणाली. मग खिडकीत तोंड घालून हाका मारत बसली. क्षितिज, ए क्षितिज.

मी माझ्या मुलाला उकंडा म्हटलं. तो झोपून राहिला.

१७ डिसेंबर

ती आली. पेट्यांच्या मधोमध. विचारलं.

मी शेजारच्या पेटीकडे बोट केलं. फक्त बोट. नाव तर आता त्याचंच —

१८ डिसेंबर

सिस्टर तिकडे धावल्या. पाठ चोळतायत. पडदा — जमनी बाहेरून हाका मारतेय, तेच नाव, मोठ्याने, पुन्हा पुन्हा — तिला कोणी तरी गप्प — मीच सांगू शकते, पण मग ती म्हातारी इकडे —

१९ डिसेंबर

जमनीच्या मुलाला तांड्यावर पुरायला नेलं. सकाळी तिचा पान्हा आवरत नव्हता. तिने वाटी भरून माझ्या हातात दिली. "उकंड्याले पाजा, ताई."

मी पाजलं. तो सगळं प्यायला.