गरम मातीचा डबा

आष्टी, ७ मार्च १९५७

प्रिय कमलाताई,

आठ दिवस झाले, पाकीट उशाशी घेऊन झोपतो. लिहायला बसलो की कुणीतरी चहाला हाक मारतं, आणि मला तेवढंच हवं असतं. आज बसलोच.

बोरिंगचं काम बरं चाललंय. म्हणजे भोक खाली चाललंय, आम्ही आपले वरच. मशीनवरचा डोमाजी दिवसभर गातो, गळा असा की बैल बुजावेत. ते राहू दे. सहाशे फुटांवर पाणी एवढं तापलेलं लागलं की बादलीत हात ठेववत नाही, आणि माती येते ती वाफाळतच. मागच्या महिन्यात तुझ्याकडे वडनेरला डबा भरून आणली होती, तीच ही.

तुझं पहिलं लेकरू सातव्या दिवशी ताठलं, धनुष्यासारखं वाकलं नि गेलं. सटवाई कोपली म्हणाले सगळे. दसऱ्याला आपण नागपूरहून दीक्षा घेऊन आलो आणि सटवाईची पूजा सुटली. भीती मात्र सुटली नाही, तुझीही अन् माझीही. मला वाटलं, देवीच्या जागी काहीतरी शास्त्राचं असावं. कुणाचा पाय न लागलेली, जमिनीच्या पोटात शिजलेली माती, तिच्यात कोणता जंतू टिकणार? म्हणून डबा आपल्या दाईच्या, धुरपता मावशीच्या हाती दिला. म्हटलं, नाळेवर राखेऐवजी हीच लावजो. ती हसली, "बाप्पा, खुशाल तर डाक्टरच होऊन राह्यला!"

मग इथं पाणी तपासायला खरे डॉक्टर आले. मी फुशारकीनं त्यांना मातीची गोष्ट सांगितली. त्यांनी चिमूटभर माती नळीत उकळली, मांसाच्या सारात टाकून झाकली. तिसऱ्या दिवशी सार गढूळ! सूक्ष्मदर्शकात पाहिलं तर बारीक काड्या वळवळत होत्या. म्हणाले, काही जीव खालच्या उष्णतेतच सुखानं नांदतात. काही बियाण्यासारखे कवचात निजतात, उकळलं तरी मरत नाहीत, निवलं की उगवतात. धनुर्वाताचा जंतू असाच कवचवाला, मातीतला. "या मातीत आहे?" मी विचारलं. "नसेलही. पण वर येईतो तिला धूळ, शेण लागलंच ना? नाळेला कुठलीच माती नको." तेव्हापासून जमिनीवर पाय ठेवतो तर वाटतं, खाली कुणीतरी जागं आहे.

ताई, म्हणून हे पत्र. मावशीकडून डबा घे नि लांब फेकून दे. पुनवेला बाळंत होशील तेव्हा नाळेला काही म्हणजे काही लावू देऊ नको. लावलंच, तर लेकराला त्याच दिवशी वर्ध्याच्या दवाखान्यात ने, तिथं धनुर्वाताची सुई असते. मला शिव्या नंतर दे.

तुझाच, चुकलेला भाऊ,
खुशाल

ता.क. पाकीट चिकटवत होतो, तर दारात भाऊजी! मला जन्मभर उडाणटप्पू म्हणणारे पुंडलिकराव, मोटारीनं एवढ्या लांब आले, आणि हसतायत. "साळेबुवा, मामा झाले ना! परवाच पोरगा झाला, दहा-बारा दिस आधी!" भांडं रिकामं परत देऊ नये म्हणून तू साखर भरून पाठवलीस. तोच मातीचा डबा, ताई. डॉक्टरांना जीप काढायला सांगितलंय. मी साखर तोंडात का घालत नाही, हे भाऊजींना अजून कळत नाही.