समोरच्या वहिनींचा डावा बूट

दि. ११ ऑक्टोबर, शनिवार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत, तूही असशील असं धरून चालते. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड पूर्वीसारखंच चालतं, तेव्हा काळजी नको. कारागीरमामांना नवा चष्मा लागला. चष्मेवाल्याने मुद्दाम जास्त नंबर दिला असं त्यांचं म्हणणं आहे. आपल्या दुकानात कुणाचाच कुणावर विश्वास नाही, हे तुला मी काय सांगणार!

तीन महिन्यांत तुला चार पत्रं लिहायला घेतली आणि अर्धवट टाकली. हे पाचवं. आधी दुकानाचं सांगते, म्हणजे हात जरा चालता होईल.

सल्लागार बाई अजून दर गुरुवारी येतात. दुसरं दुकान काढायचं तर आधी वर्षाचा आराखडा पक्का हवा, हे त्यांचं पालुपद चालूच आहे. आपलं गिऱ्हाईक कोण, ते आपल्याकडे का येतं, समोरचा बूटवाला काय करतो, सगळं त्या कागदावर लिहून घेतात. परवा म्हणाल्या, "ताई, तुमचं वेगळेपण एका वाक्यात सांगा." मी म्हटलं, "उत्तम चामडं, मजबूत शिलाई." त्या म्हणाल्या, "हे समोरच्याच्या पाटीवरही लिहिलंय."

तुला आठवत असेल, सुरुवातीला माझा संशय या बाईंवरच होता. शाळांमध्ये जाऊन मुलांच्या पायांची मापं घ्यायची असं आपण जानेवारीत ठरवलं, आणि आपल्या आधी चार दिवस समोरचा मापाची पट्टी घेऊन शाळेच्या पटांगणात हजर! मी बाईंना चहा द्यायचे आणि डोळा त्यांच्या पिशवीवर ठेवायचे. त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून चौकशीही केली. एप्रिलमध्ये 'वर्षभर दुरुस्ती मोफत' ठरवलं, तेही त्याने आधी जाहीर केलं. तेव्हा छापखानेवाल्याला धरलं. तो बिचारा म्हणाला, "मजकूर अजून माझ्याकडे आलाच नाही." मग बाहेरचं कुणी उरलं नाही. उरलास तू.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते. लिहायलाच हवं.

जुलैमध्ये मी एक खोटी योजना रचली. जुना जोड आणा, नव्यावर सवलत मिळवा. ती फक्त तुला सांगितली, तीही गल्ल्यापाशी, हळू आवाजात, आणि तू नेहमीसारखा म्हणालास, "ताई, हे काही आपल्याला झेपणार नाही." नऊ दिवसांनी तीच योजना समोरच्या पाटीवर झळकली. मी पाटी वाचली आणि खरं सांगते, मला वाईट वाटायच्या आधी आनंद झाला. सापडला एकदाचा, असं वाटलं.

पाच कारागिरांसमोर मी तुझ्याकडे किल्ली मागितली. तू म्हणालास, "ताई, निदान एकदा विचार तरी." मी म्हटलं, "विचारण्यासारखं काय उरलंय?" तू किल्ली गल्ल्यावर ठेवलीस, तुझी हत्यारं गुंडाळून घेतलीस आणि निघालास. आई आतल्या खोलीत होती. तिने सगळं ऐकलं.

तू गेलास आणि आपल्या योजना फुटायच्या थांबल्या. ऑगस्ट कोरडा गेला, अर्धा सप्टेंबरही. मी निश्चिंत झाले. कारागीरमामांना म्हटलंसुद्धा, "बघा, काटा निघाला की नाही?" ते खाली मान घालून टाके घालत राहिले.

आता समोरच्या वहिनींचं सांगते. समोरच्या दुकानदाराची बायको, बाजूच्या दाराने येणारी. अंगठ्याजवळचं हाड वाढलेलं असल्यामुळे तिला नवऱ्याच्या दुकानातला एकही जोड होत नाही. तिच्या दोन्ही पायांचे लाकडी साचे तू कोरलेस, वर्षभरात तिचे तीन जोड तूच शिवलेस. ती आली की मी किती सावध असायचे! हेरच आहे असं समजून तिच्यासमोर मी हवापाण्यावरसुद्धा बोलत नसे. तिचा जोड खोक्यात भरायचा, खोकं हातात द्यायचं आणि तिला दारापर्यंत पोचवून यायचं.

तर ती १९ सप्टेंबरला आली. जुलैमध्ये नेलेला जोड तिने भाच्याच्या लग्नासाठी राखून ठेवला होता. लग्नात घातला, तर डावा बूट भयंकर चावला. म्हणाली, "तुमच्या भावाच्या हातचं असं कधी होत नाही हो." मी आत हात घातला. चवड्याच्या टोकाशी कागदाचा बोळा तसाच राहिला होता.

मी तो उलगडला. अक्षर माझं. 'जुना जोड आणा, नव्यावर...'

खोटं खरं वाटावं म्हणून मी पाटीचा मजकूर दोनदा लिहून पाहिला होता. ते कागद नंतर रद्दीच्या टोपलीत टाकले. आणि बुटाचा आकार बसू नये म्हणून त्यात रद्दीचेच बोळे घालायचे, कोरा कागद वाया घालवायचा नाही, खोकं मालकाने स्वतःच्या हाताने भरायचं, हे सगळे बाबांचे नियम मी किती इमानाने पाळते ते तू जाणतोसच. शाळांचा बेत, दुरुस्तीची जाहिरात, सगळ्याचे कच्चे खर्डे मीच नीट चुरगाळून, दाबून तिच्या बुटांत भरले होते.

वहिनी आपल्या सरळपणे सांगत होती, "उजव्यातला आमच्या ह्यांनी काढला होता. जोड घरी आला की आधी ते कागदच सरळ करून वाचत बसतात. मला वाटायचं, गिऱ्हाइकांनी वाचावं म्हणूनच तुम्ही घालता."

तू गेल्यावर तिने नवा जोड सांगितला नाही. म्हणून योजना फुटायच्या थांबल्या होत्या.

बारक्या, आता जे लिहिते ते लिहिताना लाज वाटते. तो कागद हातात असताना माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की हा बोळा तूच तिथे घातला असशील. अक्षर माझं, खोकं भरलेलं मी, आणि तरीही. दोन-तीन मिनिटं मी तसं खरंच धरून चालले होते.

त्यानंतर बावीस दिवस मी गप्प राहिले. कागद कपाटात कोंबला, रद्दीची टोपली स्वतः जाळून आले आणि कुणाला काही सांगितलं नाही. कारागीर हसतील, बाई हसतील, समोरचा तर पोट धरून हसेल, याचाच विचार केला. तू परक्या गावात कुणाच्या तरी हाताखाली चोर म्हणून राहतो आहेस, याचा विचार मी मुद्दाम केला नाही.

परवा गुरुवारी बाईंना मी सहज, म्हणजे कागदाचं सोडून, एवढंच सांगितलं की समोरच्याची बायको बूट आपल्याकडून शिवून घेते. त्या खुर्चीतून उठल्याच. "अहो, वर्षभर हेच तर विचारतेय मी! दुखऱ्या पायांसाठी बूट शिवणारं गावात दुसरं कोण आहे? दुसरं दुकान याच कामाचं काढा. कोण करतं हे काम?" मी म्हटलं, "माझा भाऊ." "मग त्यांना बोलवा ना." मी पाणी प्यायला आत गेले ती बराच वेळ बाहेर आले नाही.

पण दुकान वाढवायचं म्हणून तुला बोलावते आहे असं समजू नकोस. तसं समजलास तरी तुझा दोष नाही. आराखडा तुझ्याशिवाय अडला आहे हे खरं, आणि तो आराखडा निघाला नसता तरी मी हे लिहिलं असतं का, हे मला माहीत नाही. 'हो' म्हणायला जीभ रेटत नाही.

आज सकाळी पाचही कारागिरांना बाहेर बोलावलं, जिथे तुझ्याकडे किल्ली मागितली तिथेच उभी राहिले आणि कागद दाखवून सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग आईला सांगायला आत गेले. तिने कागद हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाली, "तो असं करणार नाही, हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. तुला कागद कशाला लागला?"

याचं उत्तर शोधते आहे, अजून सापडलेलं नाही. सापडो न सापडो, उद्या रविवारी पहिल्या गाडीने निघते. हे पत्र मीच तुझ्या दाराखालून सरकवीन आणि बाहेर पायरीवर बसेन. वाचून झालं की दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझ्यावर आळ घेणारी,
तुझी ताई