दहापैकी सात

केंडल,
सोमवार, ९ ऑक्टोबर १९७८

प्रिय मॉड,

तू आणि मुलं खुशाल असाल. इकडे सफरचंदं उतरवून झाली, पाऊस आहेच. नऊ वर्षांनी पत्र लिहितोय आणि सफरचंदांवरच घुटमळतोय.

नोराच्या पोटातली गाठ गुरुवारी काढायची आहे. डॉक्टर धड काही सांगत नाहीत. काल मी नेलेली द्राक्षं बाजूला सारून ती म्हणाली, "हे नको. मॉडला आण. तुम्हा दोघांना एका खोलीत बघितल्याशिवाय मी त्या टेबलावर चढणार नाही." संमतीचा कागद तिने उशीखाली दाबून ठेवलाय. नर्सने दोनदा मागितला, दिला नाही. आपली धाकटी किती हट्टी आहे ते तुला सांगायला नको.

मी ज्या खोलीत असेन तिथे तू पाय ठेवणार नाहीस, असं तू तिला कळवलंस. त्यावर मला बोलायला तोंड नाही.

तुझा हॅरल्ड गेला तेव्हा तू लिहिलं होतंस, आता आपण तिघंच एकमेकांना उरलो. मी ते पत्र शाळेच्या वह्यांबरोबर तपासलं. 'एकमेकांना'साठी तू 'ईच अदर' लिहिलं होतंस; दोघांत 'ईच अदर', तिघांत 'वन अनदर', असं मी समासात लाल पेन्सिलीने लिहिलं, खाली दहापैकी सात गुण दिले आणि परत पाठवलं. आईची वाण्याची यादीसुद्धा मी तपासायचो आणि तुम्ही हसायचात, म्हणून याही वेळी हसशील असं वाटलं, हे मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. नवरा गेलेल्या बहिणीला काय लिहावं ते मला सुचेना. चूक मात्र लगेच सापडली.

तीही चूक नव्हतीच. शाळेत माझ्या जागी आलेल्या मिस पेनिंग्टनने परवा पुस्तकं काढून दाखवलं, चांगले चांगले लेखक दोन्ही शब्द हवे तसे वापरत आलेत. मला फार लाज वाटली, मॉड.

हे पत्र मी पुन्हा वाचलेलं नाही. सोबत लाल पेन्सिल आहे. हवं तेवढं खोड, शून्य दे. फक्त पोस्टाने परत पाठवू नकोस. बुधवारी दोन वाजता वॉर्डाच्या दाराशी मी उभा असेन. तिथे माझ्या हातात दे.

तू येईपर्यंत आत न जाणारा,
तुझा भाऊ
एडगर