शिफारसपत्रांची शेवटची ओळ

मी, द्वारका विष्णू नेरूरकर, बी.ए., वय अठ्ठावन्न, निवृत्त शिक्षिका, राहणार खोताची वाडी, गिरगाव, मुंबई, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी प्रकृती बेताची आहे, डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा धाकटा भाऊ चिंतामणी उलट सांगत फिरतो. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही त्याच्या हाती दिले होते. ते रद्द समजावे.

१. माझ्या मालकीच्या घराच्या तळमजल्यावर मी अकरा वर्षे टंकलेखनाचा वर्ग चालवला. नवऱ्याने टाकलेल्या बायका, विधवा आणि शाळा अर्ध्यावर सुटलेल्या गिरणी कामगारांच्या मुली यांच्यासाठी तो होता. हे घर, सहा यंत्रे, बाके व घड्याळ मी शेवंती कुशाबा गमरे, राहणार लोअर परळ, हिला देत आहे. ती माझी नातेवाईक नाही. ती माझी विद्यार्थिनी आहे. तिच्याइतका स्वच्छ मराठी टंक मी कोणाच्या हातचा पाहिला नाही.

२. चिंतामणीला यातले काही का नाही, ते लिहून ठेवते. तो वर्गाचा चिटणीस होता. मुलगी तयार झाली की तो पेढ्यांना आणि छापखान्यांना शिफारसपत्र लिहून देई. मुलगी ते स्वतःच टंकित करी, मी सही करी. ललिता, म्हणजे चिंतामणीच्या बायकोची भाची, पहिल्याच ठिकाणी लागली. शेवंती सात ठिकाणी जाऊन परत आली. मी तिलाच बोलले, की मुलाखतीत मान खाली घालत असशील. गेल्या श्रावणात ती वर्गाच्या कपाटात ठेवलेल्या दोन पत्रांच्या स्थळप्रती घेऊन आली.

“बाई, शेवटची ओळ वाचा.”

मी वाचून म्हटले, शुद्धलेखन दोन्हींत बरोबर आहे.

“शुद्धलेखनाचं नाही म्हणत मी. ललिताच्या पत्रात लोभ आहे. माझ्यात नाय.”

ललिताचे पत्र ‘कळावे, लोभ असावा, ही विनंती’ असे संपत होते. शेवंतीचे नुसते ‘कळावे’ असे. आम्ही दोघींनी कपाट उपसले. त्रेचाळीस पत्रे नुसत्या ‘कळावे’ची निघाली. त्यांतली बहुतेक परळच्या आणि घोडपदेवच्या चाळींतल्या मुलींची, बौद्ध झालेल्या घरांतल्या तर झाडून सगळ्यांची. उरलेली टाकलेल्या बायकांची.

चिंतामणीने नाकारले नाही. “अक्का, पेढीवाल्यांशी माझं तसं ठरलंय. लोभ असला तर घ्यायची, नसला तर नमस्कार करून वाटेला लावायची. त्यांनाही तोंडावर नाही म्हणायला नको.”

“मग त्यांना पाठवायचंच कशाला?”

“तुला बरं वाटावं म्हणून,” तो म्हणाला.

हे वाक्य मी दुसऱ्या कोणाकडून ऐकले असते तर विसरले असते.

चिंतामणी संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून मुंबई कष्टकऱ्यांची आहे, असे भाषण करतो. चांगले करतो. मीही टाळ्या वाजवल्या आहेत.

३. वडिलांची आरामखुर्ची त्याने आठ वर्षांपूर्वी ‘चार दिवसांसाठी’ दादरला नेली. ती त्याने ठेवावी. आणखी काही मागू नये.

४. माझ्या चार बांगड्या ललिताला द्याव्यात. आपल्या पत्रात लोभ घाला, असे तिने सांगितले नव्हते. खरे कळले तेव्हा ती वर्गात येऊन रडली. शेवंतीने तिला पाणी दिले. मला ते सुचले नव्हते.

५. पोस्टातील शिल्लक वर्गाच्या शाईपट्ट्या, कागद आणि यंत्रांच्या दुरुस्तीसाठी वापरावी. वर्गाने यापुढे कोणासाठीही शिफारसपत्र लिहू नये. मालकाला बाई हवी असेल तर त्याने येथे येऊन तिचे काम पाहावे.

६. माझ्या तेराव्याला समाजसेविका वगैरे भाषणे नकोत. चिंतामणी उभा राहिलाच, तर हे मृत्युपत्र त्याच्या आधी मोठ्याने वाचावे. तो मध्ये बोलेल. बोलू द्यावे, वाचन थांबवू नये.

७. शेवंती सध्या गिरणीत वाइंडिंग खात्यात आहे. वर्ग घेशील का, हे विचारायला मी तिच्या चाळीत गेले. तिची आई म्हणाली, “बसा बाई,” आणि चुलीकडे वळली. शेवंती उभीच राहिली.

“घेईन. पण तुमच्या नावाची पाटी राहणार नाय.”

मी म्हटले, चिंतामणीने केले ते मला ठाऊक नव्हते.

“ठाऊक नव्हतं, हे खरं. पण पत्रावर त्याचं नाव कुठं होतं? पेढीवाले सही बघायचे. सही तुमची होती.”

मी तीस वर्षे मुलांना निबंध शिकवला. पत्राचा शेवट कसा करावा, हे तर दर वर्षी शिकवले.

तरी माझ्या मृत्यूनंतर ‘द्वारकाबाई नेरूरकर टंकलेखन वर्ग’ ही पाटी उतरवावी आणि शेवंती ठरवील ते नाव लावावे. त्या नावाला माझ्या कोणत्याही नातेवाइकाने हरकत घेऊ नये. पाटीचे मला वाईट वाटले, आणि अजून वाटते. तरीही ही अट मी पूर्ण विचाराने मान्य केली आहे. दोन्ही गोष्टी येथे नमूद केल्या, त्या चिंतामणीने ‘अक्काच्या मनात तसं नव्हतं’ असा अर्ज कोर्टात करू नये म्हणून.

वरील मजकूर माझा आहे, कोणी सांगून लिहवलेला नाही.

(सही) द्वारका विष्णू नेरूरकर

बाईंनी आम्हा दोघांदेखत सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. आम्हाला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

(सही) डॉ. राजाराम भिकाजी दळवी, गिरगाव
(सही) फिलोमिना परेरा, शेजारीण, खोताची वाडी

मुंबई, दिनांक ९ मार्च १९५९