कुंकू लावलेलं मशीन

तांबरम, दसऱ्यानंतरचा मंगळवार

ती. सौ. श्रीरंजनी वन्सं यांना,

रेवाचा वाकून नमस्कार (नवरात्रात कंबर धरली आहे, तरी पुरेशी वाकले असं समजून घ्यावं). हरिप्रसाद भावोजींचा गुडघा कसा आहे? तंजावरला अजून उकडतंय का? इथे तर पंख्याखालून उठवत नाही. तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. तर फोनवर बोललं की सासूबाईंना ऐकू जातं. एरवी जेवायला तीनदा हाक मारावी लागते, पण मी दार लावून तुमच्याशी बोलू लागले की त्यांचे कान लख्ख होतात. घराच्या ग्रुपवर लिहावं तर तुमचा भाऊ रघुराम ते मोठ्यानं वाचून दाखवतो. म्हणून पत्र.

तुम्हाला ठाऊकच आहे, मार्गशीर्षात आमच्या सहानाच्या लेकीचा पहिला वाढदिवस आणि आयुष्यहोम. तुमच्या या चेन्नईच्या नातीला पणजीकडून काय द्यायचं, यावर इथे महिनाभर खल झाला. चांदीची वाटी झाली, पैंजण झाले, सगळं नाकारून सासूबाईंनी गोधडी ठरवली. (चेन्नईत गोधडी कोण पांघरतं, असं मी विचारलं नाही. रघुरामनं विचारलं. पुढचे दोन दिवस त्याच्या पानात रसम फार पातळ होतं.) मग त्यांनी पेटीतून आपल्या जुन्या सुती नऊवारी काढल्या आणि माझ्या तोंडून ‘थांबा’ निघेपर्यंत कात्री चालवलीसुद्धा. तुमच्या बारशाला नेसलेली जांभळी कापली, मामंजींनी मदुराईहून आणलेली मोरपंखी कापली. आता त्या तुकड्यांची परत साडी होणार नव्हती. ते ढीग पाहून मला भरून आलं आणि भरून आलं की मी काहीतरी कबूल करून बसते. शिवणं माझ्याकडे लागलं, असं मी म्हणून गेले. माझा शिवणातला अनुभव उशीच्या अभ्र्यापर्यंतचा, आणि घरात मशीन नाही.

मशीन निवडायचं काम रघुरामनं अंगावर घेतलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्याला कुणी तपासायला काही दिलं नव्हतं. परदेशातल्या गोधड्या शिवणाऱ्या आज्यांचे व्हिडिओ तो इतके पाहू लागला की मला थोडी काळजी वाटली. (त्यातल्या एका आजीला तो नावानं ओळखतो.) शेवटी ठरलं ते असं: नवशिक्याला झेपेल असं साधं मेकॅनिकल मशीन घ्यायचं, हातानं बटण फिरवून टाका निवडायचा, पडदाबिडदा नको. माझी अट एकच होती. गोधडीच्या जाडीतून सुई आरपार गेली पाहिजे. त्यासाठी वर साडी, मध्ये जुनी चादर, खाली साडी असा एक नमुना मी हातानं टाचून पिशवीत घेतला. इतका शहाणपणा मी आयुष्यात क्वचित दाखवला आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

इथल्या पॅरीस कॉर्नर बाजाराच्या गल्लीतलं दुकान छान होतं. विक्रेता फार गोड बोलत होता. त्यानं कडक इस्त्रीच्या रुमालावर पानं काढली, लाटा काढल्या, एका ओळीत चालणारी बदकं काढली. मी पिशवीत हात घातला, तर रघुरामनं माझं मनगट धरलं. त्याला वाटत होतं, हे काढलंस तर लोक म्हणतील अंथरूण दुरुस्त करायला आलेत. आमची ओढाताण चालू असतानाच सासूबाईंचा फोन आला. राहुकाळ लागायच्या आत पैसे भरा, नाहीतर हात हलवत या, असा हुकूम. मग जी धांदल उडाली तीत नमुना पिशवीतच राहिला आणि बदकं घरी आली.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. मी सकाळी उठून पाहते तर सासूबाईंनी रघुरामची स्कूटर, मिक्सर, नारळ खवणायची विळी आणि नवं मशीन, सगळ्यांना चंदन-कुंकू लावून, फुलं घालून ओळीनं मांडलेलं. त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नाही. विजयादशमीला मुहूर्तानं बसले आणि गोधडीचा कोपरा सुईखाली सरकवला. सरकेचना. दाबून घातला तर मशीन घूंऽ करून थांबलं, सुई वाकली आणि रबर जळल्यासारखा वास आला. रुमाल दिला तर पुन्हा बदकं हजर. एका अर्थी त्याचा काही दोष नाही. ते रुमालासाठी जन्मलं आहे.

आठ दिवसांत बदलून देऊ, असं दुकानदारानं सांगितलं होतं. पण सासूबाई दारात उभ्या राहिल्या. “पूजा केलेली वस्तू परत देतात कां मा? लक्ष्मीस दार दाखवतात कां?” त्या दुपारी पडल्यावर आम्ही दोघं आपल्याच घरातून चोरासारखे निघालो. मी ओल्या फडक्यानं मशीन स्वच्छ पुसलं होतं. दुकानात विक्रेत्यानं खोकं उघडलं, मशीन बाहेर काढलं, चाक फिरवलं आणि चाकाच्या खोबणीतून कुंकवाची एक लालभडक टिकली फिरत वर आली. त्यानं हात जोडले, बोटं डोळ्यांना लावली. पूजा झालेली वस्तू परत घेतली तर दुकानाला सोसायचं नाही, असं तो तमिळमध्ये इतक्या कळवळ्यानं म्हणाला की रघुरामनंच त्याची माफी मागितली. येताना त्यानं आम्हाला विभूती दिली. घरी सासूबाई जाग्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, “घरच्या लेकीस दिली तर चालते.”

बाकी सर्व ठीक. भावोजींना नमस्कार, तुमच्या तंजावरच्या नातीला गोड पापा.

तुमची,
रेवा

ता.क. घरची लेक म्हणजे तुम्हीच. मशीन सुंदर आहे, चोवीस टाके आहेत, नातीच्या झबल्यांवर बदकं फार शोभतील. त्याबद्दल काही नको. फक्त तुम्ही नवरात्रात बाहुल्या मांडलेल्या कोलूचा फोटो पाठवला होता ना, तो मी मोठा करून पाहिला. बाहुल्यांच्या सगळ्यात खालच्या पायरीखाली टेकू म्हणून जे काळं, हातानं फिरवायचं लोखंडी मशीन आहे, ते सासूबाईंनी तुम्हाला लग्नात दिलेलं. त्याला एकच टाका येतो. पण त्यावर त्यांनी रघुरामचं शाळेचं जाड कॅनव्हासचं दप्तर शिवलं होतं. कोलू उतरला असेल, तर ते द्याल का?

पुन्हा ता.क. हे त्या स्वतः कधी मागणार नाहीत. लेकीला दिलेलं परत मागायचं नाही, यावर त्या ठाम आहेत. पण तुकडे जोडून पाहताना त्यांचा उजवा हात हवेत चाक फिरवतो, हे मी रोज बघते, आणि मला ते बघवत नाही. त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही आता. मी ओवीन, त्या चाक फिरवतील. गोधडी त्यांनीच शिवावी असं मला मनापासून वाटतं (उशीच्या अभ्र्यांविषयी वर लिहिलंच आहे).

आणखी ता.क. हे पत्र तुमच्या हातात देऊन जो मनुष्य खोकं घेऊन दारात घाम पुसतो आहे, तो रघुराम. त्याला आत घ्या. सासूबाई सोबत आहेत, त्यांना फक्त लेकीला भेटायला आणलंय असं सांगितलं आहे.

शेवटचं. आयुधपूजेला तुम्ही त्या काळ्या मशीनलाही कुंकू लावलं असेल, तर ते तुमच्या घरातून हलणार नाही. सासूबाई पाय धुवायला मागे गेल्या असतील, तेवढ्यात पुसून घ्या. चाकाची खोबण विसरू नका. (हे पत्राच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.)