सूर्यावर चालणारी गिरणी

७ डिसेंबर २००५
पेपरात बातमी. फ्रान्समध्ये बरेच देश मिळून एक भट्टी बांधणार, त्यात आता आपणही. सूर्याच्या पोटात चालतं तेच भट्टीत करायचं. हायड्रोजनचे अणू एकत्र जुळवायचे, वीज काढायची. कोळसा नाही, धूर नाही. इंधन पाण्यातून. आमच्या गावच्या शाळेत सूर्य म्हणजे आगीचा गोळा, एवढंच शिकवलं.
रोज सकाळी सूर्याला पाणी वाहतो. म्हणजे इंधनच पुरवत होतो.
दुपारी करंट गेला. कृष्णाबाईंचे गहू जात्यात अडकले. चिडलो नाही.

९ डिसेंबर
मेहुणा सदाशिव अमरगोळहून आला. तिथल्या मार्केट यार्डात जुनं डिझेल इंजिन निघालंय, दाजी, घेऊन टाका, करंट गेला तरी गिरणी थांबणार नाही, म्हणाला. त्याला भट्टी समजावली. चहा गार होईपर्यंत ऐकत होता बिचारा. त्याची बहीण इंदू म्हणाली, सूर्य यायचा तेव्हा येईल, इंजिन आज आलंय. बायकांना दूरदृष्टी नसते.
निश्चय: गिरणीत धूर शिरू द्यायचा नाही.

१८ जानेवारी २००६
सुभाष रोडवर जाऊन पेपरातल्या भट्टीच्या चित्राला फ्रेम करून घेतली. गिरणीत गणपतीशेजारी लावली. शेजारचे श्रीवत्स कॉलेजात फिजिक्स शिकवतात, त्यांना विचारलं, वीज कधी? म्हणाले, अण्णा, आजवरच्या भट्ट्यांनी खाल्ली तेवढी वीजही परत दिलेली नाही. आतून इंदू म्हणाली, तसलं एक आमच्या घरात आहे. श्रीवत्स नको इतके हसले. शिकलेल्यांत श्रद्धा कमी.

११ एप्रिल
दिवसभर करंट नाही. पाथरवटाकडून जात्याला टाकी लावून घेतली. दगड छान खरखरीत झाला. दळण आलं नाही.

२४ ऑगस्ट
सदाशिवनं इंजिन विकलं. समोरच्या गिरणीवाल्या बाबूला! सख्ख्या मेहुण्यानं! वर म्हणतो, दाजी, आठ महिने तुमच्यासाठीच झाकून ठेवलं होतं. बाबूच्या छपरावर काळा धूर. वाईट वाटलं. हवेसाठी.

१० ऑक्टोबर
चकलीच्या भाजणीचे दिवस. गिरणीचं वर्ष यावरच निघतं. पहाटे जातं झाडून पुसून ठेवलं. डबे ओळीनं लागले. पहिला डबा ओतला आणि करंट गेला. बायका थांबल्या होत्या, म्हणून त्यांना भट्टी समजावली. कृष्णाबाईंनी विचारलं, अण्णा, तुझा सूर्य दिवाळीआधी येणार का नंतर? मग जाताना दारावर खडूनं 'नाळे बा' लिहून गेल्या. कानडीत 'उद्या ये', भुताला परतवायला लिहितात, तसं. सगळे डबे समोर गेले.

२२ नोव्हेंबर
पॅरिसमध्ये भट्टीच्या करारावर सह्या झाल्या. मोठा दिवस.
बातमी बाबूच्या बाकावर बसून वाचली. करंट नाही, घरात पीठ नाही, इंदूनं जोंधळ्याचा डबा हातात दिला होता. गिरणीवाल्यानं दुसऱ्याच्या गिरणीत डबा न्यायचा! बाबूला बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. इंजिनाच्या आवाजात ऐकू गेली नसावी. रांगेकडं बघून तो ओरडला, अण्णा, आज काही होत नाही, नाळे बा.
डबा तिथंच ठेवून आलो.
रात्री भात.