बोटीत बसायला काय लागतं

१२ ऑक्टोबर, दसरा
निर्णय पक्का. दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब समुद्र. बोट, डॉल्फिन, शंख-शिंपले. मागच्या वर्षी परभणी स्टेशनवरून परत आलो, त्याला कारण हवामान. (कोकणातलं. परभणीत ऊन होतं.) बायको पुनम म्हणाली, लेकराला पुन्हा खोटी आशा लावू नका. लेक सृष्टी सहावीत आहे. तिनं पुस्तकातून मान वर केली नाही. पुनमनं विचारलं, तुमी कधी बोटीत बसलात का? मी विहिरीतल्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस, पाण्याशी रोजचा संबंध. बोटीत बसायला काय लागतं? बसता आलं पाहिजे.

१४ ऑक्टोबर
पोहणं शिकायचं ठरवलं. आमच्या जवळा बाजार गावात सोय नाही. यूट्यूबवर थिअरी सुरू.

१५ ऑक्टोबर
थिअरी पूर्ण.

२० ऑक्टोबर, रविवार
सिद्धेश्वर धरणावर रंगीत तालीम. आईसुद्धा आली. मासे धरणाऱ्या संतरामची होडी ठरवली. माझा एक पाय होडीत, दुसरा काठावर. होडी हलली आणि दोन्ही पायांत मतभेद झाले. तिथं पाणी गुडघ्याएवढं आहे, हे मी स्वतः तपासलं. संतराम म्हणाला, "साहेब, आधी जायाचं का न्हाई ते ठरवा." आई पदर खोचून बसलीसुद्धा. तिघी फिरून आल्या.
काठावरून मी पक्षीनिरीक्षण केलं. एक मोठा काळा पक्षी पंख पसरून बसला होता. गरुड. सृष्टी म्हणते पाणकावळा. काळा होता, यावर एकमत आहे.
आईनं चिखलातले शिंपले ओटीत भरून आणले. म्हणाली, "झाले ना शिंपले? आता काहून जायचं तिकडं?" मला एकदम पटलं. पण सृष्टीचा चेहरा बघून बोललो नाही.

२६ ऑक्टोबर
सोयाबीन निघालं, हरभऱ्याची तयारी सुरू. दुकानात मोटारींचा ढीग. शेतकऱ्यांना वाऱ्यावर सोडून समुद्रावर जाणं मला शोभत नाही. पुनमला तसं सांगितलं. तिनं भावाला फोन लावला. रामकिशन लगेच तयार. म्हणाला, दाजी, तुमी दुकान बघा, ह्यांना मी नेतो. सृष्टीला विचारलं, मामासोबत चालेल का? ती म्हणाली, "चालेल."
इतक्या लवकर म्हणायला नको होतं.
रात्री जेवण गेलं नाही. शेतकरी समजूतदार असतात. मी जाणार.

९ नोव्हेंबर, मालवण, सकाळ
समुद्र पाहिला. अपेक्षेपेक्षा मोठा आहे. दुसरा काठ दिसत नाही, याबद्दल आधी कुणी बोललं नव्हतं. मी दोन लाइफ जॅकेट मागितली. बोटवाल्यानं एकच दिलं.

त्याच दिवशी, दुपार
यशस्वी. डॉल्फिन दिसले. म्हशीएवढे. ओळीनं उड्या मारत होते. आई थोडी घाबरल्यासारखी वाटली, म्हणून मी तिला धरून बसलो. सृष्टीनं माझा हात धरला होता.
नंतर वाळूत शंख वेचले. सगळ्यात मोठा मला सापडला. खिशात टाकला तर खिसा चालायला लागला. आत खेकडा होता. मी ज्या पद्धतीनं पँट झटकली, ती बघून सृष्टी वाळूत बसून हसली. माझ्यासमोर ती इतकी कधी हसली होती, आठवत नाही. खेकडा परत पाण्यात सोडला. तो गेला तरी ती हसतच होती.

१३ नोव्हेंबर, जवळा बाजार
येईल त्या गिऱ्हाइकाला डॉल्फिनची माहिती देतोय. दुपारपर्यंत डॉल्फिन बोटीएवढा झाला. पुंजाजींनी मधेच त्यांच्या मोटारीचं विचारलं. काही माणसांना निसर्गाची आवडच नसते.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ
रामकिशन जेवायला आला. त्याला सविस्तर सांगत होतो. मी बोटवाल्याला दिशा दाखवली, तिथपर्यंत आलो होतो. तेवढ्यात पुनमनं तिनं काढलेला व्हिडिओ टीव्हीवर लावला.
डॉल्फिन डाव्या कोपऱ्यात आहे. बाकी सगळा मी. डोळे गच्च मिटलेले, तोंड आईच्या खांद्यात. आई एका हातानं माझी पाठ थोपटतेय, दुसऱ्या हातानं सृष्टीला डॉल्फिन दाखवतेय. आवाजही नीट आलाय. मी विचारतोय, "गेला का?"
कुणी हसलं नाही. ते जास्त लागलं.
रामकिशन म्हणाला, "दाजी, मग डॉल्फिन बघितला का न्हाई तुमी?"
मी उत्तर जुळवत होतो. सृष्टी माझ्याजवळ सरकून बसली. म्हणाली, "मामा, जरा थांबा. बाबा आत्ताच बघून राहिले."
टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात काळी पाठ. पाण्यातून वर आली, चकाकली, गेली. एवढंच.
मी सृष्टीला म्हणालो, परत लाव.